काळी दोनचा सूर

९ सप्टेंबर १९९७, सटाणा

आज पुन्हा तोच प्रश्न. गणपती मंडळाचा अध्यक्ष जीपमध्ये डोकावला — "तुमना बाजा कोठे शे?" शेखरने स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं. अध्यक्षाचं तोंड उतरलं. त्याला वाटलं, गावाला गंडवलं.

पत्रिकेवर 'नुसता गळा, नाशिक' असं गटाचं नाव ठसठशीत छापलेलं असतं, तरी लोक पेटी-तबला शोधतात. एक्क्याण्णव साली अंबडला आमच्या कंपनीच्या गणपतीत वीज गेली, ऑर्केस्ट्रावाले हात चोळत बसले आणि जीवन नि मी नुसत्या गळ्याने तासभर गायलो. तेव्हापासूनचं हे. जीवन तिथे स्टोअरला, मी पत्रा दाबायच्या प्रेसवर. मग शेखर आला, पंचवटीतला फुलवाला. तोंडाने ढोलकी अशी वाजवतो की पुढच्या रांगेतले म्हातारे वाकून वाकून बघतात. गेल्या वर्षापासून त्याची भाची दिशा. बारावीला आहे, आवाज वर कुठेही जातो. मी खर्जाला. खालचा मजला म्हणा, बाकी तिघं माझ्यावर उभे.

कार्यक्रम रंगला. एक मात्र खटकलं. पेटी नाही, म्हणून सुरुवातीला जीवन प्रत्येकाच्या कानाशी येऊन सूर गुणगुणतो. काळी दोन, आमची पट्टी. तो सूर त्याच्या डोक्यात बसलेला आहे, पेटी आणून केव्हाही ताडून बघा. आज इतकं बारीक गुणगुणला की मला काही लागलंच नाही. मी तसाच उभा. मग तो दुसऱ्या बाजूने आला आणि पुन्हा दिला. म्हटलं, पहिल्यांदाच नीट दे की! त्याने नुसतं बघितलं माझ्याकडे.

१४ सप्टेंबर

बायकोशी, नवसाबाईशी, टीव्हीवरून वाजलं. "शेजारचे दोनदा सांगून गेले, आवाज कमी करा म्हणून. मला बाहेर तोंड दाखवायची लाज वाटती." बातम्या देणारेच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, त्याला मी काय करू?

२२ फेब्रुवारी १९९८

शेखरच्या झेंडूच्या गोदामात तालीम. सगळीकडे फुलं, नाकात तोच वास.

जीवनने उभं राहायच्या जागा बदलल्या. सहा-सात वर्षं मी मधे उभा राहतो. आता मला डाव्या टोकाला काढलं. सगळे माझ्या उजव्या हाताला, आणि लगेच शेजारी तो स्वतः. का, म्हणून विचारलं. "आसं बरं ऐकू येतं," म्हणे. कोणाला ते सांगितलं नाही. पंगतीत शेवटच्या पाटावर बसवल्यासारखं वाटलं मला. हा गट दोघांनी काढला, आणि आता हा जागा ठरवणार!

शिवाय गाताना माझं मनगट धरून ठेवतो. जिथे उचलायचं तिथे बोटाने दाबतो. मी काय नवशिका आहे?

३ मे १९९८

कोपरगाव. पाऊण तास गायलो, टाळ्या बऱ्या होत्या. पण शेवटच्या गवळणीत काहीतरी जड वाटत होतं. शेखरला विचारलं. तो म्हणाला, "थोडं खाली आलो होतो आपण." कोण, ते बोलला नाही.

१७ जानेवारी १९९९

काल जळगावला स्पर्धा. परीक्षक म्हणजे एक म्हातारे गवई, समोर पेटी घेऊन बसलेले. आमचं संपलं तशी त्यांनी एक पट्टी दाबली. "इथून निघालात. काळी दोन." मग शेजारची, खालची पट्टी. "इथे पोचलात. पांढरी दोन." अर्धा सूर खाली, भरल्या सभेत! मग हसून म्हणाले, "पण चौघंही एकदमच उतरलात. हे कसं जमवता?" लोक हसले. दिशाही हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उत्तेजनार्थ बक्षीस.

आमच्यात पहिल्यापासून एक नियम आहे, मीच घातलेला. ज्याने सूर दिला, जबाबदारी त्याची. प्रेसवर डाय ज्याने बसवली, माल बिघडला तर उत्तर त्याने द्यायचं. तसंच इथे. त्याशिवाय काम सरळ होत नाही.

जीपमध्ये सगळ्यांदेखत विचारलं, "सूर कोणी दिला होता?"

जीवन म्हणाला, "म्या दिला."

"मग?"

"मग चुकलं आसंल माझंच."

संपलं. वाद नाही, काही नाही. हा माणूस चिडतही नाही. त्याचाच जास्त राग येतो.

६ ऑगस्ट १९९९

कुकर जळाला. नवसाबाई बाजारात, मी घरात. म्हणते, "शिट्ट्या मोजायला बसवलं होतं तुम्हाला!" शिट्टी झालीच नाही तर मोजू काय? कुकरच बिघडलाय.

७ ऑगस्ट

कुकर दुकानात दाखवला. चांगला आहे म्हणतो तो. त्याला काय कळतंय.

१२ मार्च २०००

आज पुण्याहून संयोजक आले होते, गोदामात बसून ऐकलं. दिवाळीनंतर अकरा गावांचा दौरा. संगमनेरपासून सुरुवात, शेवट कोल्हापूर. मोठी थिएटरं! माझं वय सत्तेचाळीस. प्रेसवर उभं राहून पाय सुजतात. आयुष्यात एकदा तरी पडदा सरकणाऱ्या रंगमंचावर उभं राहावं, एवढीच इच्छा उरलीय.

पण जाताना म्हणाले, सूर खाली येतो तुमचा. तेवढं दुरुस्त करा, मगच दौरा.

१९ मार्च

काढलं जीवनला.

मीच बोललो. शेखर झेंडूच्या ढिगाकडे बघत बसला, दिशाने ओढणीचं टोक तोंडात धरलं. मी सांगितलं, तीन वर्षं सूर उतरतोय, देणारा तू, नियम सगळ्यांना माहीत आहे. दौऱ्यापुरता बाजूला हो. दौऱ्यापुरता म्हटलं, पण सगळ्यांना कळलं.

जीवनने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरं. सूर कोण देईल?"

"मी देईन. पेटीवर बघून घेईन आधी."

"अन् तुझ्या शेजारी कोण उभं ऱ्हाईल?"

काय हा प्रश्न! म्हटलं, कोणीही राहील. त्याने मान हलवली, चपला घातल्या. दारातून परत आला. शेखरला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. नंतर शेखरला विचारलं तर म्हणाला, "काही नाही. त्याला टोकालाच उभं कर, म्हणाला." जाता जाता मला टोकाला ठेवायचंच त्याच्या मनात! बारा वर्षांची मैत्री, आणि आत एवढं साचलेलं.

घरी आल्यावर वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू. जेवलो नाही.

४ जून

कंपनीने स्वेच्छानिवृत्ती काढली. जीवनने अर्ज दिला आणि गेला सायखेड्याला, भावाच्या टोमॅटोत काम करायला. गेटवर भेटला. "गाणं चालू ठेव," मी म्हटलं. तो म्हणाला, "कोणासंगं गाऊ?"

२३ जुलै

महेश आला. संगीताचं शिक्षण घेतोय, तेवीस वर्षांचा, मोजून-मापून गातो. मी पहिल्याच दिवशी मधे उभा राहिलो. शेखर काही बोलायला गेला, मी ऐकून घेतलं नाही.

तालमीत महेश सारखा थांबतो आणि माझ्याकडे बघतो. शिकलेल्यांना थोडी घमेंड असतेच.

१९ नोव्हेंबर

काल संगमनेर. लिहू नये असं वाटतंय.

पडदा सरकला. समोर आठशे माणसं. मी स्वतः पेटीवर काळी दोन बघून आलो होतो, प्रत्येकाला दिली. पहिलं गाणं ठीक. दुसऱ्यात महेशच्या कपाळावर आठ्या. तिसऱ्यात दिशाचा आवाज फाटला. चौथ्यात मागून कोणीतरी ओरडलं आणि सगळं थिएटर हसलं. काय ओरडलं ते मला कळलं नाही. शेखरने ढोलकी थांबवली. तोंडाने वाजवायची ढोलकी, पण त्याचे हात गळून पडलेले मी पाहिले. पडदा ओढावा लागला.

सकाळी दिशा घरी आली. उभ्या उभ्याच म्हणाली, "काका, राग मानू नका. महेशदादा जागेवर होता. मीपण होते. तुम्ही एकटेच खाली खाली जात होतात."

मी तिच्यावर ओरडलो. लेकीच्या वयाची पोर! रडत गेली. नवसाबाई दिवसभर बोलली नाही माझ्याशी. की बोलली, काय माहीत.

२७ नोव्हेंबर

दौरा रद्द. पत्र दोन ओळींचं.

८ फेब्रुवारी २००१

कंपनीत सगळ्या प्रेसवाल्यांच्या कानांची तपासणी. पेटाऱ्याएवढ्या खोलीत बसवतात, कानांवर डबड्या लावतात, टूं ऐकू आलं की बटण दाबायचं. मी बोट ठेवून वाट बघत होतो. काही येईना. वाटलं मशीन सुरूच केलं नाही. काचेपलीकडची बाई माझ्याकडे बघत होती. मग तिने डोळे खाली घेतले.

डॉक्टरांनी कागद पुढे केला. दोन रेघा, दोन्ही घसरत गेलेल्या. "डावा जवळजवळ गेलाय. उजवा निम्मा." कॉम्प्रेसर माझ्या डाव्या हाताला आहे, चोवीस वर्षं. विचारलं, हे केव्हापासून? म्हणाले, एका दिवसात होत नाही. पाच-सहा वर्षं तरी. घरच्यांनी कधी सांगितलं नाही का?

कागद घडी करून या वहीत ठेवलाय.

११ फेब्रुवारी

दिशाची माफी मागितली. कानाचं बोललो नाही. म्हटलं, एक काम कर, पेटी घेऊन बस आणि आपण टेप करून ठेवलेली जळगावची कॅसेट लावून मला नीट सांग, कोण कुठे उतरलं. मी टेपला उजवा कान चिकटवून बसलो.

पोरीने तीन-तीनदा मागे घेऊन ऐकलं. एकेक पट्टी दाबून बघितली. "हे बघा काका, इथे तुम्ही उतरलात. जीवनकाका अजून वरच आहेत. आता दोन ओळी गेल्या, आणि इथे ते तुमच्यापाशी आले. मग मी त्यांच्यामागून." पुढच्या गाण्यातही तेच. आधी मी, मग तो, मग ती. मग कोपरगावची कॅसेट लावली. तिथेही तेच. एकदाही तो आधी उतरलेला नाही. एकदाही!

दिशा म्हणाली, "एकटा माणूस खाली आला तर बेसूर. सगळे आले तर लोकांना कळत नाही. म्हणून आपण कधी पडलो नाही, काका."

ती गेल्यावर बसून राहिलो. गवई विचारत होते, हे कसं जमवता. त्याचं उत्तर जीपमध्ये माझ्यासमोरच बसलेलं होतं, आणि मी त्यालाच उभं करून जाब विचारला. नियम माझा, दोष माझा, शिक्षा त्याला.

पण एक समजत नाही. तो माझ्यामागून ओढला जायचा, सवयीने, नकळत? की जाणूनबुजून यायचा? नकळत असेल तर माफी मागता येईल. जाणून असेल तर कोणत्या तोंडाने जाऊ?

१५ फेब्रुवारी

आजही गेलो नाही. ठक्कर बाजारच्या एसटी स्टँडपर्यंत जाऊन परत आलो.

१८ फेब्रुवारी

सायखेड्याला गेलो. त्याच्या बायकोने, लंकाबाईने, पाणी दिलं आणि आत गेली. जीवन ओट्यावर टोमॅटो निवडत बसला होता. वाळलाय. मी जाऊन त्याच्या उजव्या हाताला बसलो. तो उठला. हात धोतराला पुसले, मला वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसला आणि म्हणाला, "हां. आता बोल."

कानाचं मी अजून नवसाबाईलाही सांगितलेलं नाही.