शेऱ्याचा रकाना

५ ऑक्टोबर, रविवार

आमच्या टॉवरच्या हॉलमध्ये आज कोर्ट भरलं! मिहिकाचं लॉ कॉलेजचं प्रोजेक्ट. कितीतरी देशांतल्या कोर्टांत म्हणे गुन्हा तोच, पण वंश नाहीतर नाव वेगळं असलं की शिक्षा जास्त. आपली माणसं न्यायाधीश झाली तर काय करतील, हे बाईसाहेबांना बघायचंय. इथे परदेशात जमलेल्या आमच्या मराठी मंडळातले चाळीसजण पकडून आणले. प्रत्येकाला दहा बनावट केसेस आणि दोन रकाने – किती महिने कैद, आणि शेरा.

सुरेशने सगळ्यांना सरसकट सहा महिने ठोकले आणि मॅच बघायला पळाला. नवरा कसला, रबरी शिक्का! मी मात्र चष्मा लावून बसले. अकरा वर्षं साबणाच्या फॅक्टरीच्या एचआरमध्ये चौकश्या करतेय, हसण्यावारी कशी नेणार? चेहरा बघून निकाल दिला नाही कधी. "आई, यू आर सो सीरियस!" म्हणाली आणि गळ्यात पडली. वीस वर्षांची घोडी झाली, तरी अजून बाळच माझं.

८ ऑक्टोबर, बुधवार

पुण्याहून चकलीची भाजणी आली. मुनिबाची आठवण झाली. आमच्याकडे पॅकिंगला होती, लाहोरची. दिवाळीत चकल्या दिल्या की डबा परत करताना त्यात शेवया भरून आणायची. "बाजी, खाली डब्बा कैसे दूँ?" मार्चमध्ये गेटवर तिच्या पिशवीत फुटक्या खोक्यातले चार साबण सापडले. नियम म्हणजे नियम – खलास. कामावरून काढल्याचा कागद मलाच द्यावा लागला. घरी येऊन रडले होते मी.

१२ ऑक्टोबर, रविवार

दुसरी फेरी, पुन्हा दहा केसेस. चाळीसच्या चाळीस हजर. माझ्या चकल्यांमुळे, असं माझं ठाम मत आहे.

१५ ऑक्टोबर, बुधवार

मिहिका नीट जेवत नाही. पोळी नुसती चिवडते. माझ्याकडे बघते, मग नजर चुकवते. प्रेमात पडली की काय? मुलगा चांगला असला म्हणजे झालं. सुरेश म्हणतो, "लगेच चौकशी समिती नेमू नकोस!"

१८ ऑक्टोबर, शनिवार

टेबलावर तिचे तक्ते पडले होते. वर आकडा – एकोणचाळीस. चाळीसजण होते की! "कुणाचा गळला गं?" हळूच म्हणाली, "आई, लीव्ह इट. प्लीज."

सोडीन होय! कागद मागूनच घेतले. दोन्ही फेऱ्यांत केसेस त्याच होत्या. फक्त दुकानाचं नाव बदललेलं, आणि आरोपीचं. मला पत्ताही लागला नव्हता. दुकानातून मोबाईल चोरला. पहिल्या रविवारी देवांश – चार महिने. दुसऱ्या रविवारी अर्सलान – चौदा महिने. अक्षर माझं. शेराही माझाच. देवांशपुढे "तरुण आहे, मोहात पडला." अर्सलानपुढे "सवय दिसते."

सवय कुठून दिसली मला? कागदावर तसं एक अक्षर नाही. तीन-चार केसेसमध्ये हेच. आणि सगळ्यात न्यायी कोण निघालं? सहा महिनेवाला सुरेश!

"आय डिडन्ट वॉन्ट यू टू सी," म्हणत ती रडायला लागली. माझं लेकरू आठवडाभर माझी लाज पोटात ठेवून उपाशी राहिलं. जवळ घेतलं, डोळे पुसले. माझी मान वर होत नव्हती, पण म्हटलं, माझे कागद परत घाल. चाळीस कर. "आर यू शुअर, आई?" हो म्हणाले. तिने माझा हात घट्ट धरून ठेवला.

१९ ऑक्टोबर, रविवार

मिहिका पोटभर जेवली. मला घास गेला नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार

नरक चतुर्दशी. पहाटे अभ्यंगस्नान उरकून सातलाच फॅक्टरीत आले. यंदाच्या दोन फायली काढल्या. जूनमध्ये नाशिकच्या नीरवच्या पिशवीतही साबण सापडले होते – सहा. त्याला मी लेखी ताकीद देऊन सोडलं होतं. शेरा इंग्रजीत आहे, पण तोच – तरुण आहे, मोहात पडला. मुनिबाच्या कागदावर – सवय दिसते. दोन्हींखाली सही माझी.

तिची फाइल पहिल्या पानापासून चाळली. सात वर्षांत तिच्याविरुद्ध दुसरा एकही कागद नाही.