रस्ता चालू, पायी या

रविवार, दिवेलागणीला

जमलं! एकदाचं जमलं!

गुलमंडीतला आमचा रस्ता रविवारी गाड्यांशिवाय ठेवायचा, ही माझीच टूम. समोरचे कापडवाले रशीदचाचा पहिल्यापासून म्हणत होते, "बेटी, यहाँ का गिऱ्हाईक गाडीसे उतरताच नै." तेही खरंच. आपल्याकडं लोक गाडीवर बसूनच भाव विचारतात अन् तसेच पुढं जातात.

मागच्या रविवारी तर माझं हसंच झालं. रस्त्याच्या तोंडाशी मी पाटी लावली, 'रस्ता बंद'. या शहरात 'बंद' वाचलं की हात आधी शटरकडं जातो. निम्मी दुकानं उघडलीच नाहीत! वर चाचाच म्हणाले, "तूच तो लिखी ना, बंद!" आठवडाभर ती पाटी डोक्यातून जाईना.

आज पाटी बदलली. 'रस्ता चालू, पायी या.' एवढंच! अन् काय सांगू, माझ्या दुकानात बायका दोन्ही हात पुढं करून निवांत बांगड्या भरून घेत होत्या. गाडीवर बसून कुणाला बांगड्या भरता येतात का? म्हातारी माणसं भर रस्त्यात उभी राहून गप्पा हाणत होती. दुपारनंतर चाचांनी स्वतः बाकडं बाहेर आणून टाकलं. मी आपली पुढच्या बाईच्या हातात बांगड्या भरत राहिले.

मघाशी एक जण हॉर्न वाजवत मोटारसायकल घेऊन आत घुसला. मी उठायच्या आत चाचा बाकड्यावरून उठले, पाटीकडं बोट करून ओरडले, "पढना नै आता क्या मियाँ? रस्ता चालू है! उतरो!"

उतरला की!