चिलगोज्याच्या तेलाची बाटली

आईला दवाखान्यात भरती करून मिनल तिचे कपडे न्यायला चिखलीच्या घरी आली. धाकटा भाऊ सनी कंपनीत शिफ्टवर होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. ओट्यावर त्याची चिलगोज्याच्या, म्हणजे पाइनच्या बियांच्या, तेलाची बाटली दिसली, तशी तिच्या डोक्यात तिडीक गेली. कॅलेंडरचं जुनं पान फाडून तिने लिहायला घेतलं.

"सनी, आईची शुगर वाढून ती सकाळी मोरीत पडली. चौकातल्या दवाखान्यात आहे, आता शुद्धीवर आलीये. तुझ्या तेलाच्या भरवशावर तिने गोळ्या सोडल्या आणि तू सोडू दिल्यास.

मी लॅबमध्ये रोज तेलंच तपासते. चिलगोज्यात निम्मं तेलच असतं, बाकी थोडी प्रथिनं. त्या तेलात लिनोलेइक नावाचं स्निग्ध आम्ल भरपूर आणि पिनोलेनिक नावाचं थोडंसं. पिनोलेनिकने भूक जराशी कमी होत असेल, एवढंच मी जेवताना बोलले होते. त्याने शुगर जाते असं कधी म्हटलं मी? तू मात्र 'आमची ताई लॅबमध्ये आहे' असं सांगत बाटल्या विकत फिरलास.

कुरुळीच्या सुमनताईंनाही शुगर आहे आणि त्यांनाही तू बाटली दिलीयेस. आधी त्यांच्याकडे जा. त्यांनी गोळ्या बंद केल्या असतील, तर आजच डॉक्टरांकडे ने. मग दवाखान्यात ये. फ्रिजमध्ये डाळभात आहे, खाऊन निघ.

डोळे उघडल्यावर आई पहिलं हेच म्हणाली, 'सनीला काही बोलू नकोस.' मी तिला हो म्हटलेलं नाही."