एस्टिलच्या कुरणाची शेवटची व्यवस्था

मी, डेल्फी मे स्टिडम, दिवंगत एस्टिल स्टिडम यांची पत्नी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, राहणार हार्लोज फोर्क, केंटकी, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. फुप्फुसांत पाणी साठते, चार पायऱ्या चढवत नाहीत, पण डोके शाबूत आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणण्यासारखे कोणी घरात उरलेलेही नाही. याआधीचे मृत्युपत्र एस्टिल हयात असतानाचे होते, ते रद्द समजावे.

कलम १. राहते घर सामानासह माझी मुलगी रेटा हिला. ती ओहायोत मोटारींच्या कारखान्यात आहे आणि परत येणार नाही, हे मी जाणून आहे. तिने घर विकले तरी माझी हरकत नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ आहे. ती मी आजवर रंगवू दिली नाही. घेणाऱ्याने खुशाल रंगवावी.

कलम २. आमच्या गाण्याबजावण्याच्या उत्सवासाठी ज्या लोखंडी हंड्यात मी दर ऑगस्टला डुकराच्या मांसाबरोबर घेवडा शिजवत असे, तो विल्डा प्रॉफिट हिला द्यावा. मीठ कमी पडलंय, असे ती दरवर्षी रांगेत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची आणि मग दुसऱ्यांदा वाडगा पुढे करायची. आता तिने स्वतः शिजवून बघावे.

कलम ३. माझी गिटार रेटाला. एस्टिलचा बँजो पूर ओसरल्यावर खालच्या अंगाला कुंपणाच्या तारांत अडकलेला सापडला. आमच्याकडे वाद्ये दुरुस्त करणाऱ्या आर्लिसने तो मांडीवर घेतला आणि दांड्यावरून नुसता हात फिरवत बसला.

"लाकूड पिळलंय, डेल्फी. नवा दांडा घातला तर वाजेल. पण मग तो एस्टिलचा बँजो राहणार नाही."

"मग राहू दे," मी म्हणाले.

तो आर्लिसलाच द्यावा. आतले पितळी कडे काढून त्याने दुसऱ्या कोणाच्या बँजोला बसवावे. नाद फार चांगला आहे त्याचा.

कलम ४. हे कलम लांबेल. सासऱ्यांनी वाटणी करताना ओढ्याकाठचे कुरण एस्टिलला दिले आणि त्याच्या डोक्यावरचा डोंगर धाकट्या डेन्झिलला. एस्टिलचा बँजो, डेन्झिलचे फिडल, म्हणजे आमच्याकडचे व्हायोलिन, आणि मी वरच्या पट्टीत गायची. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात शेजारीपाजारी जमले आणि आम्ही गवताच्या गाडीवर उभे राहून वाजवले. आमचा ब्लूग्रासचा, म्हणजे इकडच्या डोंगराळ भागातल्या तारवाद्यांच्या संगीताचा, उत्सव तो असा सुरू झाला. पुढे टेनेसीहून, व्हर्जिनियाहून लोक तंबू घेऊन येऊ लागले. मंचावर वाजायचे त्याहून चांगले अक्रोडांच्या झाडांखाली वाजायचे. कोणीही यावे, खुर्ची सरकवावी आणि सुरात सूर मिसळावा.

डेन्झिलची बायको आजारी पडली तेव्हा त्याने डोंगर कोळसा कंपनीला विकला.

"मला आधी सांगायचं होतंस. मी कुरण विकलं असतं," एस्टिल म्हणाला.

"म्हणूनच सांगितलं नाही," डेन्झिल म्हणाला.

त्याची बायको तरीही गेली. डोंगरावरची झाडे गेली, मग कोळशासाठी सुरुंग लावून माथाही उडवला. दोघे भाऊ दर ऑगस्टला मंचावर येत, एकाच मायक्रोफोनपुढे आळीपाळीने सरकत, पण खांद्याला खांदा लागू देत नसत. खाली उतरले की बोलणे बंद.

तीन वर्षांपूर्वी उत्सवाच्या शनिवारी, भर दुपारी, वर ढगफुटी झाली. पाणी अडवायला डोंगरावर काही उरले नव्हते. चिखल आणि ओंडके घेऊन ओढा कुरणात घुसला. एस्टिल तंबूतंबूतून लोकांना वरच्या रस्त्याकडे पिटाळत होता. सगळे पोचले. आम्ही तिघे तेवढे राहिलो. डेन्झिल आणि मी मंचाच्या खांबाला धरून होतो आणि मंच पायाखालून सुटत होता. एस्टिल वाहत जवळ आला, तसा डेन्झिल त्याच्याकडे झेपावला. एस्टिल ओरडला, "मला नको, तिला धर!" डेन्झिलने माझा दंड धरला. तो सोडला असता तर तोच हात एस्टिलपर्यंत पोचला असता.

डेन्झिलने मला वाचवले, हे मी येथे नमूद करते. त्याने डोंगर विकला, हेही नमूद करते. एकाने दुसरे फिटत नाही.

नंतर उत्सव शाळेच्या व्यायामशाळेत भरवून पाहिला. आवाज भिंतींवर आपटून परत यायचा, लोक लवकर उठून जायचे. यंदा भरलाच नाही.

कुरण रेटाला. ते तिने कोळसा कंपनीला देऊ नये, किंवा मोठे कर्णे लावू पाहणाऱ्या शहरातल्या आयोजकालाही देऊ नये. उरलेला मंच पाडावा. एस्टिलच्या किंवा माझ्या नावाने उत्सव भरवू नये. कोणी आपणहून वाद्य घेऊन झाडांखाली येऊन बसला, तर त्याला मात्र उठवू नये.

कलम ५. मला एस्टिलशेजारी पुरावे. भजने वाद्यांशिवाय म्हणावीत.

कलम ६. माझा दीर डेन्झिल स्टिडम यास मी काहीही देत नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे वकीलबाईंनी सांगितले, तेव्हा मी त्यालाच बोलावणे पाठवले. आज सकाळी तो आला आणि टोपी हातात घेऊन दाराबाहेर उभा राहिला.

"वहिनी, बुटांना चिखल आहे."

"तसाच ये."

मी त्याला वरचे सगळे वाचून दाखवले. चौथ्या कलमाच्या मध्यापासून पुढचे वकीलबाईंनी वाचले.

"यात काही खोटं आहे का?" मी विचारले.

"नाही."

"काही राहिलंय?"

त्याने चौथ्या कलमातल्या 'तिला धर' या शब्दांवर बोट ठेवले.

"तू लिहिलंयस त्याच्या आधी त्यानं मला हाक मारली होती. 'डेन्या' म्हणून. लहानपणी मारायचा तशी. तेवढं घाल, वहिनी."

पाण्याच्या आवाजात मला ते ऐकू आले नव्हते. त्याच्या सांगण्यावरून घातले आहे.

हे सर्व वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही करते.

ठिकाण: हार्लोज फोर्क, केंटकी
दिनांक: १४ ऑक्टोबर २०१९

(सही) डेल्फी मे स्टिडम

साक्षीदार:
(सही) इमोजीन फ्युगेट, वकील
(सही) डेन्झिल स्टिडम, एस्टिलचा भाऊ