टोपी काढेपर्यंत

३ फेब्रुवारी, मंगळवार
विन्या हडपसरहून आला. घशाचं ऑपरेशन तेवीसला ठरलं. डॉक्टर म्हणाले, बोलता येईल, गाण्याचं सांगता येत नाही. एवढं सांगून त्यानं चहात खारी बुडवून खाल्ली. मी माझी खारीही त्याच्याकडे सरकवली.
अल्बमची पाच गाणी झालीत, एक राहिलंय. पस्तीस वर्षं विन्या, बापट आणि मी अशा तिघांनी रॉक वाजवून लोकांच्या कानठळ्या बसवल्या. आता त्याचा आवाज वर चढत नाही, म्हणून संथ, खालच्या पट्टीतलं ब्लूज. बापट गिटार लावता लावता म्हणाला, "बरं झालं. निदान शब्द तरी कळतील."

१० फेब्रु.
कसब्यात बापटच्या खोलीवर. भिंतीपलीकडे तांबटकाकांची तांब्याच्या भांड्यांवर ठोकाठोक, त्यामुळे रेकॉर्डिंग एक ते चार, ते जेवून आडवे होतात तेव्हाच. विन्याचा खोकला थांबेना. तीनदा सुरू केलं, तीनदा सोडलं. मी ड्रमच्या काठ्या पुसत बसलो.
संध्याकाळी विन्याच्या बायकोचा, सुनंदावहिनींचा फोन. "भावजी, ह्यांना फार गाऊ देऊ नका हो." मी फटकन म्हणालो, "मग आणखी कधी गाणार?" त्यांनी फोन ठेवला. असं बोलायला नको होतं.

१७ फेब्रु.
झालं. म्हणजे...
आमचा कॉलेजपासूनचा नियम: विन्यानं टोपी काढली की गाणं थांबवायचं. आज शेवटचं कडवं संपलं, टोपी डोक्यावरच. डोळे मिटून गुणगुणत राहिला. आवाज फाटलेला, पण इतका गोड कधी ऐकला नव्हता. आम्ही वाजवत राहिलो. चार वाजून गेले, पलीकडे हातोडा नाही. बापटची तार तुटली तेव्हा कुठे थांबलो.
बाहेर पायरीवर तांबटकाका, हातोडा मांडीवर.
मी म्हणालो, "अहो, आमच्यामुळे खोळंबलात."
"खोळंबा कसला. झालं का तुमचं?"
विन्या म्हणाला, "नाही."
बापट विचारतो, गाणं कुठे कापायचं. म्हटलं, हात लावू नकोस.

२३ फेब्रु. हॉस्पिटल, सकाळ
वहिनींची माफी मागितली. त्यांनी डब्यातला शिरा पुढे केला.
सिस्टर विन्याला म्हणाल्या, "काका, टोपी काढा." काढेना. माझ्याकडे बघून म्हणाला, "मी काढली तर तुम्ही थांबाल. तूच काढ."
मी काढली.
आत नेलंय त्याला. टोपी माझ्या मांडीवर आहे. बोटं तिच्यावर कधीची ठेका धरून आहेत, आत्ता लक्षात आलं. वहिनी म्हणाल्या, "थांबू नका."