ज्वारीच्या कोठीवरचा स्पीकर

मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. सुनील माझाच मुलगा, पण बोलतो कसा! नात जुईची गिटार आणल्यापासून फाटक्या पत्र्यासारखी वाजतेय, म्हणून आज म्हणाला, "स्वस्तातला माल आहे. रविवारी विकून टाकू." पोरगी नुसती तारा पुसत बसली. ते मला सहन झालं नाही.

आणि गिटारचा तो विजेचा स्पीकर ठेवलाय कुठं, तर गावाकडच्या, करमाडच्या ज्वारीनं अर्धी भरलेल्या पत्र्याच्या कोठीवर! शॉक बसेल म्हणून मी रोज ओरडतो. ऐकतंय कोण? वर सुनील म्हणतो, "आबा, तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" आज रागाच्या भरात मीच तो उचलला आणि खाली गोधडीच्या घडीवर ठेवला. जुईला म्हटलं, "लई झालं मुकं बसणं. वाजव!"

तिनं तार छेडली. खरखर गायब! म्हणजे इतके दिवस कोठीचं झाकणच थरथरत होतं? घरात एकाच्याही लक्षात कसं आलं नाही? माझ्या तरी कुठं आलं, मला शॉकचीच भीती.

जुई वाजवता वाजवता थांबली. "आबा, इथं माझंच बोट चुकतंय. आधी ऐकूच येत नव्हतं." पुन्हा पहिल्यापासून सुरू.

सुनील म्हणाला, "बरं, राहू दे मग." राहू दे म्हणे! जणू उपकारच. मी उठलो आणि माझी औषधं, चष्म्याचं घर, पानाचा डबा, सगळं कोठीच्या झाकणावर मांडून ठेवलं. आता ठेवा म्हणावं तिथं स्पीकर.