हॅना रेल्फचा दगड

प्रिय नोरा,

पाकिटावर स्केलबेकचा शिक्का बघून तू हे आधी बाजूला ठेवशील, चहा करून घेशील, आणि मग नाइलाज झाल्यासारखं फोडशील. फोडलंस, हेच खूप आहे. अक्षर वेडंवाकडं आहे, ओळी चढावर निघाल्यात, तेवढं सांभाळून घे. हेक्समला मुलीकडे तुझं बरं चाललंय असं एडिथ सांगते, तेही मी चारचौघींत सहज विचारल्यासारखं केलं तेव्हा.

इकडे थंडी या वर्षी हटता हटत नव्हती. कोकरं उशिरा झाली. चर्चमागच्या भिंतीचा एक तुकडा ढासळला, आणि थडग्यांवरचे दगड वाचणारी आपली मंडळी आता फार थोडी उरली आहेत. तू गेल्यापासून कुणी भांडत नाही. मी म्हणेन ते नाव, मी म्हणेन ते साल. पूर्वी आपण दोघी एकेका अक्षरासाठी ओल्या गवतात गुडघे टेकून तासन् तास वाद घालायचो. तू आरशाने तिरका उजेड पाडायचीस, झिजलेल्या अक्षरांत सावली भरायची, आणि मेलेलं माणूस हळूहळू नाव सांगायला लागायचं. तुझ्या हॅरॉल्डच्या पाठोपाठ माझा जॉर्ज गेला, त्या वर्षी या दगडांनीच आपल्याला घराबाहेर काढलं, नाही का? ते मी विसरले नाही. विसरल्यासारखी वागले मात्र.

त्या शनिवारचं लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. यू वृक्षाखालचा तो तांबडा दगड, पोपडे सुटलेला. मी ऐटीत जाहीर केलं, "मार्गारेट रेल्फ." तू बोट फिरवून म्हणालीस, "विनी, मार्गारेट नाही गं, हॅना. एम नाही, एच आहे तो." आणि मी म्हणाले, "नोरा, चष्मा बदल. नाहीतर निदान पूस तरी." सगळे खो खो हसले. तूही थोडी हसलीस, ब्रश बादलीत ठेवलास आणि कोट घातलास. पुढच्या शनिवारी तू आली नाहीस, त्याच्या पुढच्याही नाही. मग कळलं, तू घर विकायला काढलंयस. मी लोकांना सांगत सुटले की नोराला मुलीची ओढ लागली.

त्यानंतर उन्हाळ्यात कॅनडाहून डेस्मंड रेल्फ आला. सस्कॅचेवानचा गव्हाचा शेतकरी, दाराच्या चौकटीएवढा उंच, आणि बोलणं इतकं हळू की कान द्यावा लागे. त्याची पणजी मार्गारेट इथं पुरलेली, तिचा मुलगा जहाजाने तिकडे गेला तो पुन्हा आलाच नाही. तुला माहीतच आहे, आपल्याकडे रेल्फ म्हणजे पैशाला पासरी. पण आपल्या पाद्रीबाई जिलियन त्याला म्हणाल्या, "काळजी करू नका, आमच्या विनिफ्रेडबाईंना दगडसुद्धा विसरलेलं वाचता येतं." मी त्याला थेट यू वृक्षाखाली नेलं. तो टोपी काढून गुडघ्यांवर बसला. खिशातून डबी काढून त्याने आपल्या शेतातली माती तिथं टाकली आणि म्हणाला, "आजी, तुझा पोरगा आला नाही. मी आलोय, चालेल का?" मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "बाई, नावाखाली काही ओळी असतील ना? वाचता का मला?"

नोरा, तेव्हा "येत नाही वाचता" एवढे तीन शब्द बोलायचे होते. पाद्रीबाई शेजारी उभ्या होत्या, आपल्या मंडळींतली एडिथ होती. मी वाकले, बोट फिरवल्यासारखं केलं आणि थांबत थांबत, जणू एकेक शब्द दगडातून उपसून काढतेय अशा आवाजात म्हटलं,

"दमले होते, टेकले जरा;
हाक मारलीत की उठेन."

कुठून सुचलं, देव जाणे. तो माणूस रडला गं. माझ्या घरी आला, आल्याचा केक आणि रम घातलेलं लोणी खाल्लं, आणि निघताना माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "तुम्ही मला माझं माणूस दिलंत." मी तो हात काढून घेतला नाही.

या हिवाळ्यात त्याची बायको जॉइस गेली. मार्चमध्ये पाद्रीबाई रविवारच्या चहाला त्याचं पत्र आणि फोटो घेऊन आल्या. सगळ्यांना दाखवत म्हणाल्या, "बघा, विनिफ्रेडबाईंनी शोधलेल्या ओळी त्याने बायकोच्या दगडावर कोरून घेतल्यात!" करड्या ग्रॅनाइटवर, खोल अक्षरांत. आपला तांबडा दगड पावसाने सुटतो, ग्रॅनाइट सुटत नाही. टाळ्या वाजल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीच यू वृक्षाखाली गेले. या खेपेला खरोखर हात फिरवला, तू फिरवायचीस तसा, डोळे मिटून. पहिल्या अक्षराच्या दोन उभ्या दांड्या आणि मधे आडवी दांडी. पुढे ए. मग एन, पुन्हा एन. हॅना. खाली ओळ नव्हतीच, नुसता पोपडा सुटून गुळगुळीत झालेला दगड. परक्या बाईच्या पायाशी मी त्या माणसाला रडायला लावलं होतं.

तशीच पाद्रीबाईंकडे गेले आणि तिथूनच त्याला फोन लावला. सगळं सांगून टाकलं. मग तो म्हणाला, "म्हणजे त्या ओळी कुणाच्या?" मी म्हटलं, "माझ्या." तो म्हणाला, "जॉइसला आवडल्या असत्या. पण बाई, तुम्ही मला फसवलंत." मी म्हटलं, "हो." शेवटी त्याने विचारलं, "मग माझी पणजी कुठे आहे?" नोरा, उत्तरेच्या भिंतीशी तो आडवा पडलेला दगड आहे ना, ज्यावर तुला एकदा 'मार्गारेट' लागल्यासारखं वाटलं होतं? मी त्याला म्हटलं, "तिथं असेल, पण मला खात्रीने सांगता येणार नाही. ज्या बाईला येईल, तिला मीच हसून घालवलंय." गवत कापणीच्या सुमारास तो पुन्हा येतोय. रविवारी प्रार्थनेनंतर मी उभी राहून सगळ्यांना सांगितलं की त्या शनिवारी नोरा टॅलेंटायर बरोबर होती आणि मी खोटी. कुणी एक शब्द टाकून बोललं नाही. उलट एडिथने दारापर्यंत दंड धरून नेलं, आणि त्या चांगुलपणानेच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डेस्मंड येईल तेव्हा तू यावंस, त्याला तू वाचून दाखवावंस, असं मनापासून वाटतं. पण तुझ्यावर माझा तेवढा हक्क राहिलेला नाही, आणि पत्र त्यासाठी लिहिलेलंही नाही. तू गाव सोडलंस त्या दिवशी मी थांब्यावर आले होते, आठवतं? उभ्या उभ्या दोघी हवेबद्दल बोललो. मग तू बॅग खाली ठेवलीस आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलंस, "विनी, तुला दिसतंय ना गं?" मी म्हणाले, "चल, बस आली बघ." ती बस नव्हती, दुधाची गाडी होती. तू गप्प राहिलीस, गाडी पुढून निघून गेली तरी गप्प राहिलीस. कार्लाइलच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला त्याआधीच सांगितलं होतं की नजरेच्या मधोमध डाग पडलाय, तो पसरत जाणार, कडेकडेचं तेवढं दिसत राहील. सगळ्या गावात विचारलंस ते तू एकटीने, आणि मी तो टोमणा समजले. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय, म्हणून हे लिहिलं. नाही गं नोरा. दिसत नाही.

तुझीच, लाजेने मान खाली घातलेली,
विनी